गोळीची भीती, पिशवीची घाई



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातून या तालुक्यातल्या कितीतरी घरांची बाळंतपणं झाली. इथे बसलेल्यांतल्या अनेकांचं पहिलं रडणं त्यांनीच ऐकलं असणार. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एक जण जरा चाचरतच म्हणाले, "मॅडम, पाळी जाण्यावर तासभर? पुरुष मंडळीही असतात हो." मी म्हटलं, असू देत की. त्यांच्याही घरात कुणाची ना कुणाची पाळी जातेच आहे. आज समोर पाहते तर पहिल्या दोन रांगा पुरुषांच्याच आहेत. मागे बसलेल्या बायकांनी कृपया पुढे यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला लवकर उठायचं असेल तर उठता येईल. चाळिशी ओलांडलेल्या बाईला हॉर्मोनची एक लहानशी गोळी लिहून द्यायला आपल्याकडे डॉक्टर बिचकतात आणि ती घ्यायला बाईही बिचकते. कारण विचारलं की उत्तर येतं, कॅन्सर होतो म्हणे. तीच बाई, त्याच वयात, गर्भपिशवी काढून घ्यायला मात्र दोन दिवसांत तयार होते. तिथेही कारण तेच. पुढेमागे कॅन्सर झाला तर? म्हणजे एकच भीती औषधापाशी बाईला मागे ओढते आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात पुढे ढकलते. या दोन टोकांच्या मध्ये जे वैद्यकीय साहाय्य मिळायला हवं, ते का मिळत नाही आणि कसं मिळवायचं, एवढाच आजचा विषय.

आपली स्त्रियांची वैद्यकसेवा सुरू झाली ती बाळंतपणापासून. १८८६ साली आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांनी बायकांसाठी चालवायचं म्हणून. तेव्हा बायका बाळंतपणात मरत होत्या. सगळी शक्ती तिथे लागली हे योग्यच झालं. पण पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं आपण त्याच खोलीत बसून राहिलो. गर्भारपण, बाळंतपण, कुटुंबनियोजन, लसीकरण, एवढ्यांसाठी बाई दवाखान्याची पायरी चढते आणि तेवढ्यांसाठीच तिचं कार्ड निघतं. शेवटचं मूल झालं, ऑपरेशन झालं की दवाखान्याच्या लेखी ती संपते. पुढची तीस-पस्तीस वर्षं तिची तिने बघायची.

आता शरीरात काय होतं ते पाहू. भारतात पाळी कायमची बंद होण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. युरोप-अमेरिकेत ते ५१च्या आसपास असतं. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असं आपण मागे वळून पाहून म्हणतो. पण खरा गोंधळ असतो तो त्याआधीच्या चार-पाच वर्षांत. या काळाला डॉक्टर पेरिमेनोपॉज म्हणतात आणि बायका म्हणतात, "पाळी पुढेमागे व्हायला लागली." इस्ट्रोजेन हळूहळू, शहाण्यासारखं उतरत जातं अशी एक समजूत आहे. तसं होत नाही. वीज जाण्याआधी व्होल्टेज वरखाली होऊन बल्ब भगभगतो ना, तसा प्रकार असतो. एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन तरुणपणीपेक्षाही जास्त, पुढच्या महिन्यात तळाला. ज्या महिन्यात अंडं सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही. मग पिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि जेव्हा जातं तेव्हा धो धो जातं. अतिरक्तस्राव आणि अंगातून निघणाऱ्या वाफा या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे.

वाफांचं गणित मेंदूत असतं. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र इस्ट्रोजेनच्या चढउताराने हळवं होतं. एरवी ज्या किंचित उष्णतेची ते दखलही घेणार नाही, तिला ते भट्टी समजतं. छातीपासून वर आग चढते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, छाती धडधडते आणि मग थंडी वाजते. रात्री हे झालं की झोप गेली. सलग दोन वर्षं झोप गेली की माणसाचं जे होतं ते तिचं होतं. चिडचिड, विसराळूपणा, रडू येणं, सांधे धरणं. हे किती दिवस चालतं? अमेरिकेत अनेक वर्षं चाललेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांतल्या निम्म्या बायकांचा हा त्रास सात वर्षांहून जास्त टिकला. "सहा महिने कळ काढा, जाईल आपोआप" हे वाक्य दवाखान्यातून हद्दपार व्हायला हवं.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, वय सत्तेचाळीस. हातात जाडजूड फाइल. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, साखर, बी ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, कमरेचा एक्स-रे. रात्री अडीचला छाती धडधडून जाग येते म्हणून आधी हृदयवाल्यांकडे गेल्या. सगळं नॉर्मल निघालं. गुडघे, बोटं आखडतात म्हणून हाडवाल्यांकडे. तेही नॉर्मल. "बाई, टेन्शन घेऊ नका" असं सांगून कुणीतरी झोपेची गोळी दिली. मला म्हणाल्या, "मॅडम, फळ्यावर लिहिता लिहिता पुढचा शब्दच सुचत नाही. हजेरी घेताना घाम फुटतो, पदराने पुसते, तर मुलं विचारतात, बाई, पंखा वाढवू का?" तपासण्या चुकीच्या नव्हत्या, हे आवर्जून सांगते. धडधड आहे तर हृदय पाहायलाच हवं, थायरॉइड आणि रक्त पाहायलाच हवं. पण एवढ्या कागदांत एक प्रश्न कुठेच नव्हता. मी विचारलं, "पाळीचं काय?" त्या म्हणाल्या, "पाळीचा काय संबंध?"

मग त्यांनी फोन काढला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या पानांचे फोटो त्यात होते, तारखांवर लाल पेनाच्या फुल्या. एकदा वीस दिवसांनी, मग पंचावन्न दिवसांनी, मग दहा दिवस अंगावरून जात राहिलेलं. निदान तिथेच झालं. पंचेचाळिशीनंतर ही लक्षणं आणि ही पाळी असेल तर हॉर्मोनच्या रक्ततपासणीची गरजच नसते. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे. एफएसएच नावाची तपासणी करून घेऊन बायका येतात. ती आज नॉर्मल येईल आणि पुढच्या महिन्यात वाढलेली येईल. आणि नॉर्मल आली की डॉक्टर म्हणतात, "तुम्हाला काही झालेलं नाही." कालनिर्णयची फुली त्या तपासणीहून जास्त सांगते आणि फुकट मिळते. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र तपासणी हवीच. तो वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे, त्याकडे नंतर येते.

आता गोळीकडे वळू. भीती कुठून आली ते समजून घेतल्याशिवाय ती जाणार नाही, म्हणून थोडा इतिहास सांगते. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मुतापासून काढलेलं इस्ट्रोजेन बाजारात आलं. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने कायम स्त्रीत्व टिकवण्याचं आश्वासन देणारं पुस्तक लिहिलं आणि ते धडाक्याने खपलं. पाळी गेलेली बाई म्हणजे जणू मोडकळीला आलेली वस्तू, असा त्याचा एकूण सूर होता. बायकांनी गोळ्या घेतल्या. १९७५ साली लक्षात आलं की पिशवी शाबूत असताना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. त्यावर उपाय निघाला, सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध द्यायचं. तो नियम आजही पक्का आहे. पिशवी असेल तर दोन्ही हॉर्मोन, पिशवी नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन. हा एक नियम इथून घरी घेऊन गेलात तरी माझं निम्मं काम झालं.

मग आलं २००२ साल. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा अमेरिकेतला प्रचंड मोठा अभ्यास. १६,६०८ बायकांत निम्म्यांना दोन्ही हॉर्मोन, निम्म्यांना खोटी गोळी. जुलै २००२ मध्ये तो मध्येच थांबवला गेला आणि जगभर बातमी झाली, हॉर्मोनमुळे स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. त्या आठवड्यात बायकांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं ते कायमचंच. आपल्याकडे तर ही औषधं फारशी पोहोचलीच नव्हती. पण भीती पोहोचली. औषधाआधी त्याची बदनामी येऊन बसली, अशी उदाहरणं वैद्यकात थोडी असतील.

आता ते २६ टक्के उकलून पाहू. दहा हजार बायका, एक वर्ष. खोटी गोळी घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या ३० केसेस, हॉर्मोन घेणाऱ्यांत ३८. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघाताच्या आठ जास्त, फुप्फुसात गुठळी जाण्याच्या आठ जास्त, हृदयविकाराच्या सात जास्त. आणि आतड्याच्या कॅन्सरच्या सहा कमी, खुब्याचं हाड मोडण्याच्या पाच कमी. हे आकडे शून्य नाहीत. आठ म्हणजे आठ कुटुंबं. पण २६ टक्के ऐकून बाईच्या मनात जे चित्र उभं राहतं, ते हे नव्हे. दुसरी गोष्ट, त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर त्यांना गोळी सुरू केली होती. सत्तेचाळीस वर्षांच्या, रात्रभर न झोपणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता. पण उत्तर तिला चिकटवलं गेलं.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग कमी लोकांना ठाऊक आहे. पिशवी आधीच काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन किंवा खोटी गोळी दिली होती. पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यामुळे तो भाग २००४ साली थांबवला. पण इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा तो उलट कमीच दिसला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धोका नाहीच, असं मी म्हणत नाही. २०१९ साली लॅन्सेटमध्ये जगभरातल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही हॉर्मोन घेणाऱ्या पन्नास बायकांमागे सुमारे एकीला, सत्तरीपर्यंतच्या वीस वर्षांत, एरवी झाला नसता असा स्तनाचा कॅन्सर होईल, असा त्याचा निष्कर्ष. नुसत्या इस्ट्रोजेनला, आधीच्या अभ्यासाशी हे जुळत नसलं तरी, दोनशेमागे एक. हे हिशेब पाश्चात्त्य देशांतले, जिथे हा कॅन्सर मुळातच आपल्यापेक्षा जास्त आहे. तरीही हा आकडा मी प्रत्येक बाईला सांगते. ऐकून कुणी म्हणते, नको. कुणी म्हणते, मॅडम, मला पुढच्या वीस वर्षांचं सांगू नका, आज रात्रीचं बोला. दोघींचं बरोबर आहे. आकडा सांगणं माझं काम, निवड तिची.

औषधंही बदलली आहेत. त्वचेवर चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल किंवा चिकटवायचा पॅच नेहमीच्या मात्रेत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवत नाही, कारण ते पोटातून यकृतात न जाता थेट रक्तात जातं. जाड बायका, ज्यांचा बीपी-शुगरचा त्रास आटोक्यात आहे अशा बायका, त्यांच्यासाठी मी जेलच आधी पाहते. सोबत नैसर्गिक रचनेचं प्रोजेस्टेरॉन रात्री झोपताना, त्याने झोपही बरी लागते. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांत फायद्याचं पारडं जड असतं, हे आता जगभरच्या तज्ज्ञसंस्था मानतात. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधांवरचा काळ्या चौकटीतला इशारा बराचसा काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. खरं सांगायचं तर त्या घोषणेतला उत्साह मला जरा जास्तच वाटला. भीतीचा लंबक सुटला की तो मध्ये थांबत नाही.

कुणी घेऊ नये? स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला आहे, हृदयाचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, पायात वा फुप्फुसात गुठळी होऊन गेली आहे, यकृताचा आजार चालू आहे, किंवा अंगावरून जातंय आणि त्याचं कारण अजून सापडलेलं नाही. अशांना सरसकट हॉर्मोन देत नाहीत. त्यांना दुसरी औषधं आहेत, वाफा कमी करणारी बिनहॉर्मोनची. आणि पुष्कळ बायकांना काहीच लागत नाही, त्यांची पाळी येते तशी जाते. त्यांना उगाच कुणी औषध देऊ नये.

आता पिशवीची घाई. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहांत एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. कारणं तुम्ही वाचली असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पाळीच्या चार दिवसांत खाडा झाला तर दंड. फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून पांढरं किंवा लाल जातंय म्हणून बाई गावच्या डॉक्टरकडे गेली की सोनोग्राफीत काहीतरी दिसायचं आणि वाक्य यायचं, "पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल." दोन मुलं झालेली, पिशवीचा उपयोग काय? पाळीची कटकट गेली, खाड्याचा दंड गेला.

पुढे जिल्ह्यात शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय हे ऑपरेशन करू नये असा नियम आला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भपिशवी काढण्याबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला. चांगलं झालं. पण परवानगीने घाई थांबते, तक्रार थांबत नाही. अंगावरून जाणाऱ्या बाईला परवानगी नाकारली तर दुसरं काय दिलं, हा प्रश्न उरतोच.

आणि दुसरं खूप काही आहे. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला जास्त रक्तस्राव होत असेल तर आधी पिशवीच्या अस्तराचा नमुना तपासायचा. कॅन्सरची भीती असेल तर ती कागदावर मिटवायची, पोट उघडून नव्हे. हिमोग्लोबिन पाहायचं, लोह द्यायचं. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, अगदी स्वस्त. आणि हॉर्मोन असलेली तांबी आहे, जी पिशवीत बसवली की पाच-सात वर्षं रक्तस्राव जवळजवळ बंद करते. तिचा आणखी एक फायदा, तीच तांबी अस्तराचं रक्षण करते, त्यामुळे पुढे वाफांसाठी इस्ट्रोजेन लागलं तर वेगळं प्रोजेस्टेरॉन द्यावं लागत नाही. "तांबी" म्हटलं की बायका मान हलवतात. पाळणा लांबवायला वापरतात ती तांबी त्यांच्या डोळ्यांसमोर येते, जिने पाळी उलट वाढते. हे समजावायला दहा मिनिटं लागतात. ऑपरेशनचं समजावायला दोन मिनिटं पुरतात. आपल्या व्यवस्थेत दोन मिनिटांना पैसे मिळतात, दहा मिनिटांना मिळत नाहीत. ज्या डॉक्टरांनी खोट्या भीतीवर ऑपरेशनं केली त्यांची बाजू मी घेत नाही. पण जे प्रामाणिक आहेत, तेही याच हिशेबात अडकलेले आहेत.

आता नुसत्या इस्ट्रोजेनबद्दल लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. तिशी-पस्तिशीत पिशवी काढताना सोबत दोन्ही अंडाशयही काढले, तर त्या बाईचं इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. हळूहळू नाही, भगभगत नाही, थेट अंधार. या बायकांना वाफा सगळ्यात तीव्र येतात, त्यांची हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी त्यांचं काम काहीसं लवकर थांबतं. शास्त्र काय सांगतं? पंचेचाळिशीच्या आत अंडाशय गेले किंवा थांबले, आणि हॉर्मोन न देण्यासारखं कारण नसेल, तर किमान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत. तिच्या शरीराला जे मिळायलाच हवं होतं ते परत देणं, इतकंच हे. आणि पिशवीच नसल्यामुळे तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, ज्यात स्तनाच्या कॅन्सरची चिंता सगळ्यात कमी. म्हणजे ज्या बाईला हॉर्मोन सगळ्यात जास्त लागतं, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुरक्षित असतं, ती हीच. आणि डिस्चार्ज कार्डावर तिला काय लिहून मिळतं? कॅल्शियमच्या गोळ्या आणि टाके काढायची तारीख. चाळिशीच्या या बायका काठी टेकत येतात आणि म्हणतात, "पिशवी काढल्यापासून अंगात बळच नाही." घरातले म्हणतात, ऑपरेशनने कमजोरी येतेच. पुढच्या हंगामाला पुन्हा फडात.

चांगली भेट कशी असते? सहा गोष्टी विचारल्या जातात. पाळीच्या तारखा, झोप, मन, लघवीचा आणि संबंधांचा त्रास, घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर, स्वतःला गुठळी वा अर्धशिशी. बीपी, वजन, स्तनांची तपासणी. यांतला चौथा विषय, लघवीचा आणि संबंधांचा, कुणी काढत नाही. पाळी गेल्यावर योनिमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतात, लघवीला जळजळ होते, वारंवार संसर्ग होतो. बायका वर्षानुवर्षं अँटिबायोटिक्स खातात. तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम अगदी कमी मात्रेचं असतं, रक्तात जेमतेम उतरतं, स्वस्त आहे आणि काही आठवड्यांत फरक पडतो. त्याला वयाची साठीची अट नाही. सत्तरीच्या आजींनाही मी ते देते. आजी लाजतात, सून लाजत नाही, ती विचारून घेते.

मग तीन महिन्यांनी पुन्हा भेट. पहिल्या मात्रेने सगळ्यांचं बसत नाही, कमीजास्त करावी लागते. स्तन दुखतात, मधूनच थोडं लाल जातं, पहिल्या काही महिन्यांत हे चालतं. पण हे आधी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरून गोळी बंद करते आणि शेजारणीला सांगते, त्या गोळीने मला अपाय झाला. पुढच्या दहा बायका त्या गोळीला कायमच्या मुकतात.

एक सावधगिरीही सांगायला हवी. आता शहरांत "तरुण राहा" म्हणून हॉर्मोनची पॅकेजं विकणारे निघाले आहेत. लाळेची तपासणी, खास तुमच्यासाठी बनवलेलं मिश्रण, त्वचेखाली ठेवायच्या गोळ्या. सुरकुत्या, वजन, स्मरणशक्ती यासाठी हॉर्मोन घ्यायचे नसतात. १९६६चं ते पुस्तक नव्या कपड्यांत आलंय, एवढंच. लेस्टरला राहणाऱ्या नणंदेने पाठवलेले पॅच घेऊन एक बाई आल्या होत्या. इंग्लंडमध्ये २०२३पासून वर्षाचे पैसे एकदम भरून ही औषधं स्वस्तात मिळतात, म्हणून तिने दोन पाकिटं जास्तीची धाडली. पॅच अगदी चांगले होते. पण या बाईंची पिशवी शाबूत होती आणि सोबतचं प्रोजेस्टेरॉन नणंदेच्या कपाटातच राहिलं होतं.

वेळ होत आली. संयोजकांनी चिठ्ठ्या गोळा केल्या आहेत, त्यांतल्या तीन-चार घेते.

पहिली चिठ्ठी, अक्षर पुरुषी दिसतंय. "बायकोची चिडचिड कमी करण्यासाठी तिला न सांगता देता येईल असं औषध आहे का?" नाही. रात्री तिला उठवू नका आणि सकाळचा चहा स्वतः करा, याला माझी परवानगी लागणार नाही.

दुसरी. "पाळी अजून अधूनमधून येते. हॉर्मोन सुरू केले तर दिवस राहण्याची काळजी मिटेल का?" मिटणार नाही. हे हॉर्मोन गर्भनिरोधक नाहीत. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर असेल तर एक वर्ष काळजी घ्या. मघाशी सांगितलेली हॉर्मोनची तांबी मात्र अस्तराचं रक्षण आणि गर्भनिरोध अशी दोन्ही कामं करते.

तिसरी. "एकदा सुरू केलं की किती वर्षं घ्यायचं?" ठरलेली तारीख नाही. दर वर्षी एकदा बसायचं, फायदा किती, धोका किती, वय किती झालं ते पाहायचं. हळूहळू कमी करून बघायचं, वाफा परत आल्या तर पुन्हा विचार करायचा.

शेवटची. "दहा वर्षांपूर्वी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली. अंडाशय ठेवले की काढले ते माहीत नाही. कागद हरवले. आता काय करू?" ही चिठ्ठी एकीची असली तरी प्रश्न या सभागृहातल्या अनेकींचा आहे. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे लेखी अर्ज द्या. डॉक्टरांनी रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा वैद्यक परिषदेचा २००२चा नियम आहे. दहा वर्षं झाली म्हणजे ते नाही म्हणू शकतात, पण पुष्कळ दवाखाने ठेवतात, विचारून बघा. पिशवी काढल्यावर ती तपासणीला पाठवली असेल तर लॅबच्या अहवालात काय काय काढलं ते लिहिलेलं असतं, तोही मागा. काहीच मिळालं नाही तर सोनोग्राफी आणि एफएसएच. तुमचं वय आज चव्वेचाळीस, पाळी नाही, म्हणजे ज्या तपासणीला मी मघाशी नावं ठेवली ती तुमच्या बाबतीत कामाची आहे. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा. वाढलेली आली तर हाडांची डेक्सा तपासणी आणि मग इस्ट्रोजेनबद्दल बोलू. आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यांनी संमतीच्या कागदावर सही करण्याआधी एवढंच विचारा, "अंडाशय ठेवणार की काढणार? काढणार असाल तर का?" उत्तर कागदावर लिहून घ्या.